वैजूताई, तुझ्या नावाला माझी हरकत आहे

वाचकहो, तुमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर महापालिकेच्या मालकीची जी जमीन आहे, काट्यांची, कुंपणातली, फाटकाला कुलूप असलेली, ती आपली आहे असं समजून तुम्ही तिच्यावर शेवटचं पाऊल कधी टाकलंत?

वैजूताई, माझ्या पत्रकाची पहिली ओळ अशी असली की तू मान हलवायचीस. "मुक्ते, दारात माणूस आलं की आधी पाणी विचारतात. तू आधी जाब विचारतेस." तुझ्या शिवणाच्या वर्गातल्या बायका हसायच्या. मीही हसल्यासारखं करायचे आणि घरी येऊन तीच ओळ आणखी कडक करायचे. आज टोकायला तू नाहीस, म्हणून ओळ तशीच ठेवली आहे.

तू कुठे जन्मलीस, किती शिकलीस, कशाने गेलीस, हे सगळं पेपरात येऊन गेलं. फोटोही आला. तुझा फोटो नेहमीच यायचा. त्यामुळे ते मी लिहीत नाही. मी लिहिते आहे ते तुझ्या शोकसभेत जे झालं त्याबद्दल, कारण तिथे तू नव्हतीस आणि बाकी कुणी तुला हे सांगणार नाही.

सभा वसाहतीच्या समाजमंदिरात होती. उभं राहायला जागा नव्हती. उद्यान विभागाचे साहेब आले होते, आणि ज्यांना वसाहतीसमोरचा हिवरमाळ कुठे आहे हे परवापर्यंत विचारावं लागायचं ते एक पुढारीही आले होते. पुढाऱ्यांनी एका मोठ्या फलकावरचा कपडा ओढला. त्यावर हिवरमाळाचं चित्र होतं, म्हणजे तसं खाली लिहिलं होतं म्हणून समजायचं. नाल्याच्या अलीकडे रुमालासारखी कापलेली हिरवळ. खाणीच्या पाण्यात रंगीत कारंजं. फरशीचा रुंद रस्ता, त्यावर फुगे घेतलेली परदेशी दिसणारी गोरी मुलं. चारी बाजूंनी भिंत, तिकीटखिडकी, आणि पुढे दगडी कमान. कमानीवर सोनेरी अक्षरांत तुझं नाव.

टाळ्या वाजल्या. तुझ्या बायका रडत होत्या आणि रडता रडता टाळ्या वाजवत होत्या. मी हात मांडीवरून उचलले नाहीत. मागच्या रांगेतून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "हिला आतासुद्धा बघवत नाही."

मी वळून पाहिलं नाही. बोलणारी खरं बोलत होती. मला बघवत नव्हतं.

हे आता सरळच लिहून टाकते, कारण तू असतीस तर माझ्याकडून एवढंच काढून घेतलं असतंस. मी तुझ्यावर जळत होते. तू होतीस तोवर जळत होते आणि अजूनही जळते. तुझ्या आवाजावर, तुझ्या हशावर, कुठल्याही ओट्यावर बसून दुसऱ्याच्या परातीतले तांदूळ निवडायला घेण्याच्या तुझ्या सवयीवर. आणि हिवरमाळावर, कारण तो माझा विषय होता.

माझं अख्खं लहानपण भद्रकालीत, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, छापखान्यात गेलं. माझी पहिली अक्षरं वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठीवर काढलेली आहेत. धरणं, निषेध, जाहीर आवाहन हे शब्द मला बाराखडी पुरी व्हायच्या आधी ओळखता यायचे. अण्णा माझ्या पत्रकाचं प्रूफ पेन्सिल घेऊन वाचायचे, खुणा करायचे आणि परत द्यायचे. बरं झालंय, वाईट झालंय, एक अक्षर नाही. मला वाटायचं अण्णा कुणालाच तसं म्हणत नाहीत. तू आल्यावर कळलं की म्हणतात.

हिवरमाळाचं माझ्या डोक्यात कॉलेजच्या दिवसांत शिरलं. पाथर्डी फाट्याच्या पुढे, एका बाजूला वसाहती आणि दुसऱ्या बाजूला अंबडकडे जाणारा रस्ता, यांच्या मधला तो माळ. काळा कातळ, गुडघाभर कुसळी गवत, हिवर, बोरी, थोडे पळस, मधून जाणारा नाला आणि एक सोडून दिलेली दगडाची खाण, जिच्यात पाणी साठून राहतं. उंचावर गेलं की पांडवलेण्यांचा डोंगर समोर दिसतो. शहराच्या आराखड्यात ही जागा उद्यानासाठी राखलेली आहे. राखली, तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं, प्रवेश केल्यास कारवाई होईल असा फलक लावला आणि विसरून गेले. मी अर्ज दिले, पत्रकं काढली, फाटकासमोर उपोषणाला बसले. माझ्यासोबत बसायला अण्णांचे दोन जुने कार्यकर्ते मित्र यायचे, तेही गुडघेदुखीमुळे खुर्च्या घेऊन.

तुझ्या दारात पत्रक द्यायला आले तेव्हा तू शिवणयंत्रावर होतीस. तू गठ्ठाच मागून घेतलास. मला वाटलं, चला, वाटणारी मिळाली. पुढच्या आठवड्यात आले तर माझ्या पत्रकांचे गळे आणि बाह्या कापलेल्या. तू पोरींना ब्लाउजची बेतणी शिकवत होतीस. 'जनतेच्या हक्काची जमीन' हे माझं शीर्षक एका पाठीच्या भागावर आडवं आलं होतं.

"कागद चांगला वापरतात गं तुझे वडील," म्हणालीस. मग माझा चेहरा पाहून म्हणालीस, "वाचलं मी, वाचलं. मग कापलं. जनता जनता केलंयस सगळीकडे. ही राहते कोणत्या गल्लीत?"

मी तेव्हा उत्तर दिलं होतं, लांबलचक. तू टाके घालत ऐकत होतीस. आणि त्या संक्रांतीच्या आधी तू छापखान्यात येऊन अण्णांसमोर सांगितलंस की यंदाचं हळदीकुंकू हिवरमाळाच्या फाटकावर करायचं.

त्या दिवशीचं भांडण मला शब्दन्‌शब्द आठवतं आणि त्यात माझी बाजू अजूनही बरोबर आहे असं मला वाटतं. मी म्हटलं, सार्वजनिक जमिनीची मागणी आपण नागरिक म्हणून करायची, सुवासिनी म्हणून नाही. जिचा नवरा मेला तिला दाराबाहेर ठेवणाऱ्या समारंभाने जमीन सगळ्यांसाठी उघडायची, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? अण्णांनी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध छापलं तेच आपण करायचं? मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा यंत्राच्या रुळांना तेल देत होते.

तू शांतपणे विचारलंस, "बाहेर ठेवायचं असं कुणी सांगितलं? माझं हळदीकुंकू आहे. मी ठरवीन कुणाला लावायचं ते. पहिलं कुंकू तुझ्या आत्याला."

आत्या आमच्याकडेच राहते. तिचे यजमान मी शाळेत असताना गेले. तिला मी किती वर्षं समजावत होते, पुस्तकं वाचून दाखवत होते, टिकलीची पाकिटं आणून ठेवत होते. ती म्हणायची, मला नाही आवडत गं आता. मी तुला म्हटलं, ती येणार नाही. तू म्हणालीस, बघू.

आणि अण्णा तेलाचा हात पुसत म्हणाले, "वैजूताई, आमंत्रणाचं मी छापून देतो. काय लिहायचं सांगा." तू एकच ओळ सांगितलीस: सगळ्या बायकांनी हळदीकुंकवाला यावं, रस्त्यापलीकडे, आपल्या माळावर. अण्णांनी ती वाचली आणि म्हणाले, "छान आहे." माझ्यादेखत म्हणाले. मी कागद कापायच्या मशीनजवळ उभी होते, आणि तिथून निघून गेले.

वाणाचं तर तू मला सांगितलंच नव्हतंस. रविवार कारंज्याच्या बाजारातून पोतं भरून शिट्ट्या आणल्यास. स्टीलचे चमचे नाहीत, प्लास्टिकचे डबे नाहीत, लाल दोरीच्या शिट्ट्या. प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवत होतीस आणि गळ्यात शिट्टी अडकवत होतीस. म्हणत होतीस, "तिकडे जायला भीती वाटते ना? दारुडे असतात, साप असतात, सगळं ऐकलंय मी. वाटली भीती तर वाजवायची. बाकीच्या येतील."

कुलूपबंद फाटकासमोर काळ्या साड्यांची ही एवढी गर्दी. पहाऱ्यावरच्या माणसाला माझी सवय होती. मी आले की तो फाटकाच्या आत खुर्ची ओढून बसायचा. त्या दिवशी त्याला कुठे बघावं कळेना. त्याने वर फोन लावला. मी जवळच होते, मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. नाही साहेब, मोर्चा नाही. नाही, घोषणा नाहीत. हळदीकुंकू आहे. हो साहेब, अत्तर पण लावताहेत. पलीकडचे साहेब काय म्हणाले माहीत नाही. फोन खिशात टाकून त्याने तुला विचारलं की परवानगीचा कागद आहे का.

तू चिडलीस की तुझ्या तोंडात माहेरची, देवळ्याकडची बोली यायची. कांद्याच्या खळ्यावर तुझी आई भांडायची म्हणे, तशीच. तू त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "हाई जमीन कोनी शे? तुना बापनी शे का?"

सगळ्या हसल्या, तोही हसला. मग तू त्याच्या हातावर तिळगूळ ठेवलास आणि त्याने कुलूप काढलं.

तुझ्या मागोमाग बायका आत शिरल्या. समोरच्या इमारतींत इतकी वर्षं राहून त्यांनी हा माळ फक्त गॅलरीतून पाहिला होता. चपला घसरत होत्या, साड्यांच्या काठांना कुसळं चिकटत होती, कुणी बोरं तोडून पदरात घेत होतं. खाणीच्या काठावर पोचल्यावर पुढच्या बायका एकदम थांबल्या, म्हणून मागच्याही थांबल्या. पाण्यावर बगळे होते. एक म्हातारी म्हणाली, "अगं, आपल्याकडं असं हाय, आन आपण पोरांना गाडीत घालून लांब न्हेतो."

आत्या त्या गर्दीत होती. मी तिला आधी ओळखलंच नाही, कारण तिच्या कपाळावर कुंकू होतं. मला पाहून तिने हात कपाळाकडे नेला, झाकायला, आणि मग खाली घेतला. वैजूताई, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी जे आलं ते असं होतं, की हे माझ्या हातून व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधे तू, पदर सारखा करून, पुढे पाहत. डाव्या कडेला कापलेलं एक कोपर आहे. ते माझं.

त्यानंतर बायका रोज सकाळी जायला लागल्या. फाटक एकदा उघडलं ते पुन्हा लावायची कुणाची हिंमत झाली नाही. माझ्या अर्जांना कधी न मिळालेलं उत्तर तुला मिळालं. हिवरमाळ लोकांसाठी उद्यान म्हणून खुला करण्याचं तत्त्वतः मान्य झालं.

त्या सकाळींमधलीच ती एक सकाळ. अचानक शिट्टी वाजली, मग दुसरी, मग सगळा माळ शिट्ट्यांनी भरून गेला आणि बायका नाल्याकडे धावत सुटल्या. मी आणि तू मागून पोचलो. मधे एक बाई उभी होती, डोक्यावर काटक्यांची मोळी, हातात कोयता. पेठ तालुक्यातून बांधकामाच्या कामाला आलेल्या लोकांची पालं कुंपणालगत असतात, त्यातली. मंजुळा तिचं नाव, हे नंतर कळलं. आपल्या एकीने तिला झाडीतून निघताना पाहिलं आणि घाबरून शिट्टी फुंकली. आता इतक्या जणींच्या घोळक्यात काय करायचं ते तिला कळत नव्हतं आणि आपल्यांनाही कळत नव्हतं. कुणी तिला विचारत होतं, इथे कशाला आलीस.

ती म्हणाली, "आमी काटक्या वेचतो बाय, माणसां नाय."

मी पुढे झाले. मी बोलायला सुरुवात केली, सार्वजनिक म्हणजे कोण, या जमिनीवर हिचा हक्क तुमच्याइतकाच कसा आहे, हिच्या पायवाटेनेच तुम्ही रोज चालता. सगळं खरं होतं. बायकांचे चेहरे मी बोलू लागले तसे बंद होत गेले. आणि हेही लिहायला हवं, की तोवर तूसुद्धा या पालांबद्दल माझ्याशी वाद घालायचीस. म्हणायचीस, बायकांच्या वेळेला त्यांनी येऊ नये, उगाच घाबरतात सगळ्या. मी तुला त्यावरून बरंच सुनावलं होतं. म्हणून त्या दिवशी मला वाटलं, आता तू अडकलीस.

तू गळ्यातली शिट्टी काढलीस. तिच्या डोक्यावर मोळी होती, म्हणून तिला थोडं वाकायला सांगितलंस आणि दोरी तिच्या गळ्यात घातलीस. मग वळून म्हणालीस, "हिलाही भीती वाटते. आपली."

बस. माझं भाषण अर्ध्यात राहिलं. दुसऱ्या दिवशीपासून मंजुळा आणि तिच्यासोबतच्या दोघी-तिघी वाटेत दिसल्या की बायका थांबून बोलायला लागल्या. मी तुला किती दिवस जे सिद्ध करून दाखवत होते, ते तू एका हालचालीत केलंस, आणि श्रेयही तुझंच. मला ते पत्रकात वापरावंसं वाटलं आणि वापरता आलं नाही, कारण त्यात तू होतीस.

आपलं शेवटचं भांडण मात्र मिटलं नाही. मला माळावर काहीच नको होतं. भिंत नाही, दिवे नाहीत, बाक नाहीत, फक्त काढलेलं फाटक. तुला बाक हवे होते, फाटकाजवळ दिवे हवे होते, आणि स्वच्छतागृह तर हवंच होतं. मी म्हटलं, एक बाक आला की त्यामागे फरशी येते, फरशीमागे तिकीट येतं. तू म्हणालीस, "मुक्ते, बायकांना लघवीला लागते. तुझ्या सिद्धांताला नाही लागत." नाल्यापलीकडे मात्र हात लावू द्यायचा नाही, तिथे लांडोरी अंडी घालतात, हे तुझं आणि माझं एकमत. अलीकडचं किती बांधायचं यावर आपण अडून बसलो. मी तुझ्यावर आरोप केला की तू साहेबांशी तडजोडी करतेस कारण तुला त्यांच्यात बसायला आवडतं. तू हातातलं शिवण खाली ठेवलंस. मग म्हणालीस, "तुला लिहिता येतं, म्हणून तू निवांत हरू शकतेस. हरलीस तरी पत्रक उरतं. मला उद्या या बायकांना तोंड दाखवायचंय."

हे वाक्य मी विसरायचा प्रयत्न केला. जमत नाही. यावर माझ्याकडे उत्तर असतं तर मी तुला दवाखान्यात येऊन दिलं असतं. मी आले ती भिंतीविरुद्धच्या नव्या पत्रकाचा मसुदा घेऊन. तुझ्या हाताला सुई होती, डोळे मिटलेले. वाच म्हणालीस. मी वाचलं. "दुसरा परिच्छेद काढ," म्हणालीस. मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. तू म्हणालीस, मुद्दा असू दे, काढ. मी वाद घालायला लागले आणि नर्सबाईंनी मला बाहेर काढलं.

परिच्छेद मी काढला, वैजूताई. पत्रक त्यामुळे सुधारलं. हे तुला सांगायला मी येणार होते. जरा दिवस जाऊ देऊ, लगेच कशाला कबूल करायचं, असं म्हणत राहिले. तेवढ्यात तू गेलीस.

आता कमानीचं.

शोकसभेनंतर प्रकाशदादा घरी आले. अंबडच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेले तुझे यजमान, ज्यांनी मला कधी दोन वाक्यांच्या वर काही म्हटलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेला बसले. आत्याने दिलेलं पाणी तसंच राहिलं. म्हणाले, कमानीखालच्या दगडावर चार ओळी कोरायच्या आहेत, त्या तूच लिही. मी विचारलं, मीच का? ते म्हणाले, "ती तुझी पत्रकं वर्गात वाचून दाखवायची. पोरींना सांगायची, मला असं लिहिता आलं असतं तर मी काय काय केलं असतं." मग म्हणाले, "जरा चिडूनच म्हणायची."

इतके दिवस मला वाटत होतं की जळणारी मी एकटीच आहे.

दादांना मी नाही म्हणाले. त्यांना ते लागलं, ते मला दिसलं. मी समजावून सांगितलं की भिंत बांधली तर मंजुळाच्या लोकांची वाट बंद होईल, तिकीट लावलं तर तुझ्या निम्म्या बायका यायच्या बंद होतील, कुसळी गवत खरवडून हिरवळ लावली तर तिला पाणी घालायला उन्हाळ्यात टँकर येतील. दादा म्हणाले, ते ठीक आहे, पण नावाने काय बिघडतं? तिला आवडलं असतं.

खरं आहे. तुला आवडलं असतं. मी इथे खोटं लिहिणार नाही की वैजूताईला नावाचा सोस नव्हता. तुला होता. उद्घाटनाच्या फितीजवळ तू आपोआप मधे यायचीस. कमानीवरच्या सोनेरी अक्षरांखाली उभी राहून तू फोटो काढला असतास, आणि माझं कोपर पुन्हा कडेला आलं असतं. तुझी शेवटची इच्छा म्हणून माझी मागणी पुढे करता आली असती तर किती सोपं झालं असतं. तशी इच्छा तू सांगितलेली नाहीस.

पण ते चित्र मी पुन्हा जाऊन नीट पाहिलं. तो फलक अजून समाजमंदिरात आहे, त्याला हार घातलाय. त्यातली भिंत तू असताना त्यांनी दोनदा पुढे केली होती आणि तू दोनदा परत पाठवली होतीस. तिकीटखिडकीला तू साहेबांच्या तोंडावर नाही म्हणाली होतीस. नाल्यापलीकडे फरशी नेणार नाही असं त्यांनी तुला कबूल केलं होतं, आणि चित्रात फरशी नाल्यापलीकडे गेलेली आहे. तुला जे जे नको होतं ते सगळं त्या चित्रात आहे, आणि वर तुझं नाव आहे. आता कोण हरकत घेणार? तुझ्या बायका घेणार नाहीत, त्यांना वाटेल आपण ताईंच्या स्मारकाला विरोध करतोय. दादा घेणार नाहीत. अण्णांनीही हे पत्रक छापायला घेताना पहिल्यांदाच मला विचारलं, "खरंच छापू?" मेलेल्या, लाडक्या माणसाच्या नावाआडून काहीही बांधता येतं, हे त्या पुढाऱ्यांना बरोबर कळलं आहे.

उरले मी. मी तुझ्यावर जळते हे साऱ्या वसाहतीला ठाऊक आहे. माझं नाव आणखी खराब व्हायला आता फारसं काही उरलेलं नाही. त्यामुळे तुझ्या नावाला जाहीर हरकत घ्यायला या शहरात माझ्याइतकं मोकळं दुसरं कुणी नाही. त्यातला किती भाग तत्त्वाचा आणि किती भाग जळफळाटाचा, हे मी वेगळं करून पाहिलं. वेगळं होत नाही. तशीच हरकत दाखल केली आहे.

बाकाबद्दल तू जिंकलीस. फाटकाजवळ बाक आणि स्वच्छतागृह असावं, असं मी माझ्या हरकतीत लिहिलं आहे. दिव्यांबद्दल मी अजून तयार नाही. तो वाद चालू ठेवू.

तुझे आभार मानायचे तर कशाकशाचे, मला सुरुवात करता येत नाही. आत्या आता रोज तुझ्या बायकांबरोबर माळावर जाते. निघताना आरशासमोर उभी राहून कुंकू लावते आणि मला म्हणते, "तूही चल की, नुसती लिहीत काय बसतेस." तिचा आवाज तेव्हा अगदी तुझ्यासारखा येतो. मला तोही सहन होत नाही आणि तो थांबावा असंही वाटत नाही.

वाचकहो, आता तुमच्याकडे मागणं आहे. हिवरमाळाच्या आराखड्यावर हरकती आणि सूचना घेणं चालू आहे. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा आणि महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या. लिहा की हिवरमाळ सगळ्यांसाठी खुला करा, भिंत आणि तिकीट लावू नका, नाल्यापलीकडचं जसं आहे तसं राहू द्या, कमान नको. वैजूताईंवर तुमची माया असेल तर तेही लिहा, त्याने हरकत कमजोर होत नाही. त्याआधी एकदा तिथे चालून या, म्हणजे कशाबद्दल लिहिताय ते पायांना कळेल. आणि कागदाच्या खाली 'वैजूताईंचे चाहते' असं लिहून मोकळे होऊ नका. तिथे स्वतःचं नाव लिहा, पूर्ण, वाचता येईल अशा अक्षरात.